रिलीव्हर

१

काचेची भट्टी विझत नाही. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं पेटलेलीच. विझू दिली तर आतला काचेचा रस आतच गोठतो आणि मग ती फोडूनच काढावी लागते. त्यामुळे दिवस असो, रात्र असो, सुट्टी असो की संप असो, तिच्यासमोर एक माणूस जागा लागतो. आपला भट्टीवाला हा असाच एक माणूस. त्याला नाव आहे, पण कारखान्यात ते कुणी वापरत नाही आणि घरी बायको नुसतं 'अरे' म्हणते. तेव्हा आपणही त्याला भट्टीवालाच म्हणू.

काम तसं बसून करायचं. समोरच्या पॅनेलवरचे आकडे बघायचे, आणि अधूनमधून उठून भट्टीच्या भोकाशी जाऊन डोळ्यांपुढे निळी काच धरून आत बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर डोळे गमावून बसाल. निळ्या काचेतून मात्र ज्वाळा कशा चालल्यात, रस कसा फिरतोय, सगळं निवांत दिसतं. ती काच एकच होती आणि तिची लाकडी मूठ कित्येक लोकांच्या हातांनी काळीकुट्ट झाली होती.

पाळी बदलताना या काचेचा एक रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. जाणारा काच पुढे करून म्हणायचा, "भट्टी तुझी." येणारा, म्हणजे त्याचा रिलीव्हर, ती हातात घेऊन म्हणायचा, "माझी." बस्स, एवढंच. त्यानंतर भट्टीचं जे काय बरंवाईट होईल ते नव्या माणसाच्या माथी. आणि तो शब्द येत नाही तोवर जाणाऱ्यानं जागचं हलायचं नाही.

आणखी एक होतं. काच देण्याआधी येणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. डोळे तांबारलेले असले, पापण्या जड असल्या, तर काच द्यायची नाही, आपणच पुढची पाळी ओढायची. मागे एकदा पैलवान तसा आला होता. पैलवान म्हणजे भट्टीवाल्याचा नेहमीचा रिलीव्हर. फुंकर मारली तर उडेल असा काटकुळा, म्हणून पैलवान. त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये होते आणि बिचारा रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसत होता. त्यानं हात पुढे केला तशी भट्टीवाल्यानं काच मागे घेतली. "जा, झोपून ये," म्हणाला. पैलवान भडकला, त्यानं चार शिव्या हासडल्या, आणि मग मुकाट्यानं लॉकरजवळच्या बाकावर आडवा होऊन घोरायला लागला. त्याची पाळीसुद्धा भट्टीवाल्यानंच काढली. तेव्हापासून पैलवान त्याच्यावर जीव टाकतो.

घरी बायको. तीही पाळीचीच. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये ती फोन घ्यायची. समोरच्या माणसाचा धीर सुटलेला असताना त्याच्या तोंडून नीट पत्ता काढून घ्यायचा, हे तिचं काम. आणि या दोघांच्या मध्ये चिंगी, नुकतीच भिंतीला धरून पावलं टाकायला लागलेली. तिला सांभाळायला तिसरं कुणी नव्हतं. म्हणून दोघांनी पाळ्या अशा बसवून घेतल्या होत्या की एक आलं की दुसऱ्यानं निघायचं. नवरा-बायकोची भेट व्हायची ती दाराजवळच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये, तीसुद्धा बूट चढवता-उतरवता. चिंगी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायची आणि तिच्या लाळेचं पिवळं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. "पोरगी तुझी," निघणारं म्हणायचं. "माझी," आलेलं म्हणायचं. भट्टीवाल्यानं हे गंमत म्हणून सुरू केलं आणि मग त्याची सवयच होऊन बसली. एकदा बायको काही न बोलताच आत गेली, तर हा एक पाय बुटात घालून तसाच उभा. अगं म्हण की, म्हणे. ती पोट धरून हसली, पण म्हणाली.

दोघं एका बिछान्यात एका वेळी शेवटचं कधी झोपली होती, हे दोघांनाही आठवत नव्हतं. आठवून तरी काय करायचं होतं?

२

त्या आठवड्यात पाळ्यांचा पार खेळखंडोबा झाला होता. कुणीतरी रजेवर गेलं, म्हणून भट्टीवाल्याला नाइट संपवून त्याच दिवशी पुन्हा दुपारच्या सेकंडला बोलावलं. मधल्या वेळात झोपायचं, असा ऑफिसचा हिशेब. ऑफिसच्या काय बापाचं जातंय? तो घरी आला तेव्हा बायको सकाळच्या फर्स्टला निघून गेली आणि चिंगी टक्क जागी होती. आणि चिंगी जागी म्हणजे सगळं घर जागं.

दिवसा झोपता यावं म्हणून त्यांनी आतल्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला होता. भर दुपारीसुद्धा तिथे आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही. तो चिंगीला थोपटत तिथे पडून राहिला, पण डोळ्याला डोळा लागला नाही. लागला असलाच तर त्याला कळला नाही.

निघायच्या वेळेला चिंगी तिच्या कठड्याच्या छोट्या पलंगात एकदाची झोपली. त्यानं पिवळं फडकं कठड्यावर टाकलं, पॅसेजमध्ये आला आणि स्टुलावर बसून बूट घालायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला आणि बंद झाला. बायको आल्या आल्या आधी हात धुते. मग अनवाणी पावलं आतल्या खोलीत गेली. दारात किल्ली फिरल्याचं त्यानं ऐकलं की नाही, हे त्याला नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सांगता येईना. त्या वेळी तो लेस बांधत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "पोरगी तुझी."

आतून आवाज आला, "माझी."

चिंगी उठू नये म्हणून बोलावं तसा दबका आवाज होता. तो दार ओढून घेऊन निघाला.

बसस्टॉपवर पोचतोय तोच खिशातला फोन वाजला. बायकोचा होता आणि मागे कंट्रोल रूमचा नेहमीचा गलका. हमरस्त्यावर मोठा अपघात झालाय, फोन थांबायचं नाव घेत नाहीत, त्यात माझा रिलीव्हर आलेला नाही, मी अजून खुर्चीतून उठलेलीसुद्धा नाही, तू कारखान्यात कळव आणि थोडा थांब, असं ती एका दमात बोलून गेली. चिंगी काय करतेय, असं तिनं विचारलं.

"झोपलीये," तो म्हणाला.

मग तो जो पळत सुटला तो रस्त्यातल्या गाड्यांनाही थांबला नाही. घाईत किल्ली कुलपात जाईना. दार त्यानं ओढून घेतलं होतं तसंच बंद होतं. त्यानं आतल्या खोलीतला दिवा लावला. चिंगी पलंगात होती. त्याच्या जिवात जीव आला आणि मग त्यानं नीट बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपली होती. अशी ती कधीच झोपत नसे, ती सदा उताणी, हातपाय पसरून. तिचा लंगोट बदललेला होता. स्वयंपाकघरात तिची दुधाची बाटली धुऊन उपडी घातलेली होती आणि तिच्यातून अजून थेंब गळत होते. फडकं कठड्यावर नव्हतं. ते घडी करून उशाशी ठेवलेलं होतं, आणि कुणाच्या तरी खांद्यावरून आत्ता काढल्यासारखं हाताला उबदार लागलं.

त्यानं कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, बाथरूम बघितली, माळ्यावरच्या बॅगासुद्धा हलवल्या. कुणी नव्हतं. त्यानं चिंगीला उचललं, उशीर होईल असं कारखान्यात कळवलं आणि तिला उराशी धरून पॅसेजच्या उजेडात बसून राहिला. बायको आली तेव्हा ती 'माझी' म्हणेपर्यंत त्यानं हात सोडले नाहीत.

३

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. सांगणार काय? मी पोरगी कुणाच्या तरी हवाली करून निघून गेलो आणि ते कोण हे बघितलंसुद्धा नाही, असं? म्हणून त्यानं कारखान्याच्या डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर माणूस भला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुठेही हसले नाहीत. आपल्याला वाटतं की मेंदू एकदम झोपतो आणि एकदम उठतो, पण तसं नसतं, ते म्हणाले. जागरण साचलं की मेंदूचे भाग आळीपाळीनं डुलक्या काढायला लागतात. माणूस चालतोय, बोलतोय, डोळे उघडे आहेत, हात बाटली धुतायत, आणि हे सगळं लक्षात ठेवणारा आतला भाग मात्र तेवढ्यापुरता झोपलेला असतो. मग नंतर वाटतं की हे मी केलंच नाही. झोपेच्या उंबरठ्यावर ओळखीचे आवाजही ऐकू येतात, पुष्कळांना येतात, त्यात वेडबिड काही नाही. शरीराचं घड्याळ दर आठवड्याला काटे फिरवून लावता येत नाही. तुमच्यासारख्या पाळीवाल्यांच्या असल्या तक्रारी मी रोज ऐकतो, असंही ते म्हणाले.

"म्हणजे डोक्यातसुद्धा शिफ्ट चालतात म्हणा की," भट्टीवाला म्हणाला.

डॉक्टर आता मात्र हसले. तसं म्हणायला हरकत नाही, म्हणाले. कायमची दिवसपाळी द्यावी अशी शिफारस करतो, पण ऑफिस ती कधी मनावर घेईल ते सांगता येत नाही. तोवर ठरल्या वेळी झोपा, पाळीच्या शेवटी चहा पिऊ नका. एवढं बोलून त्यांनी स्वतःच एक भलीमोठी जांभई दिली आणि ओशाळले.

भट्टीवाला हलका होऊन बाहेर पडला. बाटली आपणच धुतली, लंगोट आपणच बदलला, आवाज आपल्याच डोक्यातला. आपल्याला वेड लागलेलं नाही आणि घरात कुणी शिरलेलं नाही, यापेक्षा आणखी काय हवं? फक्त त्या थेंबांचं कोडं सुटेना. स्टॉपपर्यंत जाऊन परत येईस्तोवर उपडी बाटली गळत कशी राहील? राहत असेल, त्यानं मनाची समजूत घातली. वेळेचा अंदाज तरी आपला कुठे धड होता.

४

त्यानंतर काही दिवस बरे गेले. तो कानात बोळे घालून झोपायचा आणि चिंगी आश्चर्य वाटावं इतकी शहाण्यासारखी वागायला लागली होती. झोपताना रडणं नाही, किरकिर नाही. तू हिला काय जादू केलीस, बायको विचारायची, भिंतीकडे तोंड करून गपगार झोपून जाते. जादू कसली, वय वाढतंय तिचं, तो म्हणायचा. त्याला ते फारसं आवडत नव्हतं, पण शांत झोपणाऱ्या पोरीबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

एका दुपारी तो फर्स्ट करून आला, बायको सेकंडला निघत होती. आदल्या रात्रीच तिची नाइट झाली होती. चिंगी तिच्या कडेवरून त्याच्या कडेवर आली, फडकं खांद्यावर आलं. "पोरगी तुझी," ती म्हणाली. "माझी," तो म्हणाला.

ती खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तशीच हसली.

"दोनदा काय म्हणतोस? एकदा म्हटलंस तरी पुरे."

तो एकदाच म्हणाला होता.

त्यानं तिच्या डोळ्यांकडे बघितलं. लालभडक झाले होते. हिलासुद्धा भास होत असणार, डॉक्टर हेच म्हणाले असते, आणि भासाबद्दल विचारून हिला आणखी कशाला घाबरवा. तुला काय ऐकू आलं, एवढंच तो कसाबसा बोलला, पण तोवर ती घड्याळ बघून जिना उतरायला लागली होती. तो चिंगीला घेऊन पॅसेजमध्येच उभा राहिला. चिंगी त्याच्या खांद्यावरून मागे, आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत होती. ओळखीचं माणूस दिसलं की ती तोंडात मूठ घालून हसते, तशी हसत होती.

त्याच दिवशी त्यानं तिचा पलंग ओढत बाहेरच्या खोलीत आणला. तिथे भरपूर ऊन यायचं. चिंगीनं आकांत मांडला. पाठीवर फिरवून, खेळणी वाजवून, दूध पाजून त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी तिला पलंगात ठेवून तो खुर्चीत टेकला, जरा कंबर मोकळी करावी म्हणून.

जाग आली ती घरातल्या शांततेनं. समोरचा पलंग रिकामा होता. चिंगी आतल्या खोलीत मोठ्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि उशाशी फडक्याची घडी होती. कठड्यावरून उतरणं तिच्या बापालासुद्धा सहज जमलं नसतं.

"मीच आणलं असेल," तो मोठ्यानं म्हणाला. अंधारात ते वाक्य त्यालाच पटलं नाही. त्यानं तिला उचललं आणि घाईघाईनं उजेडात आणलं.

५

पैलवानाला त्यानं सरळ विचारलं नाही, फिरवून विचारलं. पाळी संपली होती, काच पैलवानाच्या हातात गेली होती, 'माझी' म्हणून झालं होतं. समज, तो म्हणाला, एखाद्यानं न बघता भट्टी भलत्याच्याच हवाली केली. त्यानंही माझी म्हटलं. मग हा परत आला, बघतो तर समोर कुणी नाही, म्हणून हा आपला पुन्हा कामाला लागला. तर आता भट्टी कुणाची?

पैलवानाला नियम सांगायला फार आवडायचं. त्यानं खुर्ची वळवून घेतली. ज्यानं माझी म्हटलं त्याची, तो म्हणाला, यात विचारायचं काय? त्याच्याकडून रीतसर परत घेतल्याशिवाय ती त्याच्या गळ्यातून सुटेल कशी? हा मध्येच घुसून काम करत असेल, पण तो फुकटचा राबतोय. जबाबदार माणूस दुसराच.

"आणि तो दिसतच नसला तर?"

"दिसत नाही म्हणजे गेला असं थोडंच आहे," पैलवान म्हणाला. "रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडणारा माणूस बघितलायस का तू आपल्यात? असेल तिथेच. हाक मारायची, मी आलोय म्हणायचं, आणि तो देईल तेव्हा घ्यायची."

मग त्यानं भट्टीवाल्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाला की आरशात डोळे बघितलेस का तुझे, आज तू काच घ्यायला आला असतास तर मी दिली नसती.

बसमध्ये भट्टीवाल्याला स्वतःचंच हसू आलं. डॉक्टरांनी इतकं समजावून सांगितलं आणि आपण पैलवानाकडून कायदा शिकतोय. पण हसू फार वेळ टिकलं नाही. पळत घरी आलो तेव्हा आपण पोरीला नुसतं उचललं. घेतलं नाही. आणि त्यानंतर दारात बायकोकडून घेताना आपल्याबरोबर दुसरं कुणी 'माझी' म्हणतंय, ते पैलवानाच्या हिशेबानं बरोबरच म्हणतंय. पुढच्या नाइटनंतर रीतसर ताबा घ्यायचा, त्यानं ठरवलं. खुळेपणा तर खुळेपणा. चिंगी एकदा आपल्या हातात आली की मग काय वाटेल ते असो.

६

नाइट संपवून तो घरी आला. बायकोनं चिंगी दिली आणि ती फर्स्टला गेली. आधी तासभर झोप काढावी आणि ताज्या डोळ्यांनी काय ते करावं, असा त्याचा बेत होता. बिछान्यावर पडला, पण झोप कसली येतेय. पापण्या मिटल्या की त्यांच्याआड भट्टी पेटलेली. शेवटी तो उठून बसला. चिंगी तिच्या पलंगात झोपली होती. रडून रडून तिनं तो पुन्हा आतल्या खोलीतच आणायला लावला होता. फडकं कठड्यावर होतं. दार त्यानं किंचित किलकिलं ठेवलं होतं आणि उजेडाची एक पट्टी जमिनीवरून कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"मी आलोय," तो अंधारात म्हणाला. "पोरगी दे."

काही नाही. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. चिंगीचा श्वास ऐकू येत होता, संथ, एका लयीत. तो बिछान्याच्या कडेवर ताठ बसून राहिला. मान खाली जायला लागली की स्वतःला चिमटा काढायचा. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की श्वास पलंगातून येत नाहीये. तो वरून येतोय. उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून.

त्यानं कठड्यावरून हात आत घातला. गादी उबदार होती आणि रिकामी होती.

कोपऱ्यात जमीन बारीक वाजली. फार वेळ मूल कडेवर घेऊन उभं राहिलं की माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देतो, तेवढाच आवाज. उजेडाच्या पट्टीत क्षणभर पिवळ्या फडक्याचं टोक आलं, आणि त्याच्याखाली चिंगीचं लोंबणारं एक इवलं पाऊल. मग ते पुन्हा मागे गेलं.

त्यानं झेप घेऊन दिव्याचं बटण दाबलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंग रिकामा, कोपरा रिकामा, बिछाना रिकामा. चिंगीसुद्धा नव्हती. श्वासही ऐकू येत नव्हता. असला भयाण उजेड त्यानं जन्मात बघितला नव्हता. त्यानं दिवा मालवला, आणि कोपऱ्यातून तो संथ श्वास पुन्हा सुरू झाला. पुन्हा बटणाला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

त्यानं दोन्ही हात पुढे केले. "दे," तो म्हणाला. "माझी आहे ती. दे मला."

कुणीतरी त्याच्या डोळ्यांत बघत होतं. दिसत काहीच नव्हतं, पण ते बघणं त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. काच देण्याआधी तो स्वतः हेच तर करायचा. त्यानं डोळे ताणून मोठे केले. ते चुरचुरत होते, पापण्या आपोआप खाली येत होत्या, आणि हे समोरच्यापासून लपणार नाही हेही त्याला कळत होतं.

"जा," आवाज आला, चिंगी उठू नये इतका दबका, रागाचा नव्हे, दमलेला. "झोपून ये."

तो हात पसरून तसाच उभा राहिला. किती वेळ ते त्याला सांगता येणार नाही. दारात किल्ली फिरली, ती या वेळी त्यानं नीट ऐकली. नळ सुरू झाला, बंद झाला. बायको आतल्या खोलीच्या दारात आली. तिचा चेहरा दिवसभर लोकांचं रडणं ऐकून उतरलेला होता. अंधारात काय उभा आहेस, तिनं विचारलं, आणि श्वासाच्या रोखानं, सवयीनं, कोपऱ्याकडे हात पुढे केले. "दे इकडे. माझी."

"तूही," आवाज आला. "तूही झोपून ये."

तिचे हात पुढे केलेले होते तिथेच थांबले. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. नवरा तिच्या बाजूला उभा होता आणि आवाज समोरून आला होता. ती किंचाळली नाही. वर्षानुवर्षं ती ज्या आवाजात फोनवर बोलत आली होती त्याच आवाजात, अगदी सावकाश, ती म्हणाली, "घाबरू नका. आपण कोण बोलताय? पत्ता सांगा."

फक्त जमीन बारीक वाजली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला. तिनं बटणाकडे हात नेला तसं भट्टीवाल्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. नको, तो म्हणाला, उजेडात ती नसते. मग तिथेच उभ्या उभ्या, कुजबुजत, त्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, लेस बांधताना मान वर केली नाही तेसुद्धा. ती ऐकत राहिली. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. आधी आपण झोपून यायला हवं, तरच कोपऱ्यातलं ते पोरगी देईल, हे त्यानं सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून एवढंच आलं की मला तर परवापासून झोप नाही रे.

दोघं बिछान्यावर आडवी झाली. कित्येक महिन्यांनी एका वेळी, एका बिछान्यात. तिनं चादरीखाली त्याचा हात शोधला आणि पकडला. हात थंडगार होता, तिचाही. कोपऱ्यात चिंगी शांत श्वास घेत होती. ती सुखात होती, हे ऐकू येत होतं, आणि तेच दोघांनाही सहन होत नव्हतं. झोपल्याशिवाय ती मिळणार नव्हती, आणि ती तिथे त्या कडेवर असताना झोप यायची कुठून?

"झोपलास?" ती पुटपुटली.

"नाही."

"मीही नाही."

कोपऱ्यातून 'शूऽऽ' असं ऐकू आलं. चिंगीला की त्यांना, ते कळलं नाही. बाहेर शाळा सुटली होती, पोरांचा गलका जिन्यावरून वर येत होता. दोघांनी डोळे गच्च मिटून घेतले.